धुतलेला किनारा

इंग्लंडची भूमी नैर्ऋत्येला जेथे संपते, त्या लँड्स एंडच्या टोकापासून सुमारे १५ मैलांवर, सिली बेटांकडे जाण्याच्या वाटेत, सेव्हन स्टोन्स नावाची खडकांची एक रांग आहे. ओहोटीला ती डोके वर काढते, भरतीला पाण्याखाली दडते, आणि तिच्यावर फुटलेल्या गलबतांची संख्या एवढी मोठी की १८४१ पासून तिच्याजवळ एक दीपनौका कायमची नांगरून ठेवावी लागली. शनिवार, १८ मार्च १९६७ रोजी सकाळी त्या दीपनौकेवरील पहारेकऱ्यांना एक प्रचंड तेलवाहू जहाज सरळ खडकांच्या रोखाने येताना दिसले. हवा स्वच्छ होती, दूरवरचे स्पष्ट दिसत होते. पहारेकऱ्यांनी इशाऱ्याचे अग्निबाण उडविले. परंतु ताशी १६ सागरी मैलांच्या जवळपास वेगाने चाललेल्या आणि पोटात सुमारे १,१९,००० टन कुवेती कच्चे तेल वाहणाऱ्या त्या धुडाला ऐन वेळी आवरणे कोणाच्याही हाती राहिले नव्हते. आठ वाजून पन्नास मिनिटांच्या सुमारास 'टॉरी कॅन्यन' हे जहाज त्या रांगेतील पोलार्डच्या खडकावर चढले, तळाच्या टाक्या फाटल्या आणि तेल समुद्रात वाहू लागले.

हे जहाज जन्मतः एवढे मोठे नव्हते. १९५९ साली ते अमेरिकेतील न्यूपोर्ट न्यूज येथे बांधले गेले आणि काही वर्षांनी जपानात नेऊन, मधोमध कापून, नवे भाग जोडून त्याची लांबी ९७४ फूट करण्यात आली. त्यामुळे त्याच्या पोटात मावणारे तेल जवळजवळ दुप्पट झाले. निशाण लायबेरियाचे, मालकीची कंपनी बर्म्युडात नोंदलेली, भाड्याने घेणारी कंपनी अमेरिकन, तिच्याकडून त्या फेरीपुरते घेणारी ब्रिटिश, कप्तान आणि खलाशी इटालियन, आणि तेल अरबस्तानच्या आखातातले. एका जहाजाच्या दप्तरात इतक्या देशांची नावे असावीत आणि अपघाताच्या दिवशी जबाबदारीचा धनी म्हणून कोणाकडे बोट दाखवावे हे कोणालाच कळू नये, अशी ती व्यवस्था होती. तिचा परिणाम पुढे यावयाचा होता.

कप्तान पास्त्रेंगो रुजाती याला मिलफर्ड हेवन बंदरात त्याच रात्रीच्या उधाणाच्या भरतीवर शिरावयाचे होते. ती वेळ हुकली असती तर एवढ्या खोल बुडणाऱ्या जहाजाला पुढील पुरेशा भरतीसाठी पाच-सहा दिवस बाहेर तिष्ठत राहावे लागले असते. शिवाय आत शिरण्यापूर्वी जहाजाचे बूड काही इंचांनी उचलण्यासाठी तेल एका टाकीतून दुसऱ्या टाकीत फिरविण्याचे काही तासांचे कामही उरले होते. सिली बेटांना पश्चिमेकडून वळसा घालण्याचा बेत असता पहाटे बेटे भलत्याच बाजूला दिसली, तेव्हा मागे फिरून वेळ घालविण्याऐवजी त्याने बेटे आणि सेव्हन स्टोन्स यांच्यामधील वाट धरली. त्या वाटेत मासेमारांच्या होड्या व जाळी आडवी आली, वळण उशिरा घेतले गेले, आणि वळण घेण्याच्या क्षणी सुकाणूचा खटका हाताने चालविण्याच्या जागी नसल्यामुळे चाक फिरवूनही जहाज वळेना. लायबेरियाच्या चौकशी मंडळाने सारा दोष कप्तानाच्या माथी मारला. काही इंच पाणी आणि काही तास वेळ यांच्या पायी झालेला हा अपघात समुद्राच्या इतिहासात विरळा नाही. विरळा आहे ते त्यानंतर किनाऱ्यावर घडलेले, आणि त्याचीच कथा मला सांगावयाची आहे.

समुद्रावर सांडलेल्या तेलाचे काय करावे, याचे शास्त्र त्या काळी नव्हते. बंदरातल्या गोद्यांत थोडेफार तेल सांडले तर ते धुऊन काढण्याची द्रव्ये बाजारात मिळत. एवढ्या पुंजीवर एका मोठ्या राष्ट्राला लाखाहून अधिक टनांच्या संकटाला तोंड द्यावयाचे होते. जहाज आदळल्याच्या दिवशीच नौदलाची लहान जहाजे ते द्रव्य घेऊन निघाली. वृत्तपत्रांनी आणि अधिकाऱ्यांनी त्याला सरसकट 'डिटर्जंट' म्हटले आणि या एका शब्दाने फार मोठा घोटाळा केला, कारण ऐकणाऱ्याच्या मनात धुणे, भांडी, फेस आणि स्वच्छता याच गोष्टी उभ्या राहिल्या. वस्तुतः त्यात साबणाच्या जातीचे द्रव्य थोडे आणि ते तेलात मुरावे म्हणून मिसळलेले, केरोसीनच्या कुळातले उग्र द्रावक फार होते. साबणी द्रव्याच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते व दुसरे तेलाला, त्यामुळे तेलाचा तवंग फुटून त्याचे सूक्ष्म थेंब पाण्यात विखुरतात. तेल नाहीसे होत नाही, दिसेनासे होते.

कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्याच्या तोंडाशी जो किनाऱ्यावर अनवाणी हिंडला आहे, त्याला या द्रावकाचा गुण माहीत आहे. समुद्रातल्या तेलाच्या डांबरी गोळ्या त्या दिवसांत वाळूत येऊन पडतात, एखादी तळपायाला चिकटते, पाण्याने वा वाळूने घासून निघत नाही, आणि घरी आल्यावर रॉकेलात भिजवलेल्या बोळ्याने पुसली की चटकन सुटते. तळपायाची कातडी जाड असते, आणि नंतर पाय धुताही येतो. परंतु तोच बोळा एखाद्या शिंपल्यातल्या जिवाच्या अंगावरून फिरविला तर काय होईल, हा प्रश्न रॉकेलची बाटली हातात घेताना आपल्याला पडत नाही, आणि १९६७ च्या त्या मार्चमध्ये, लँड्स एंड ज्या परगण्यात आहे त्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर तो फारच थोड्यांना पडला.

इकडे जहाज खडकावरून ओढून काढण्याचा प्रयत्न चालू होता. २१ मार्चला यंत्रगृहात झालेल्या स्फोटात डच पथकाचा प्रमुख हान्स स्टाल मृत्युमुखी पडला. २६ मार्च, ईस्टरचा रविवार. त्या दिवशी जहाजाचा कणा मोडला आणि उरल्यासुरल्या टाक्याही फुटल्या. तोवर ब्रिटिश सरकारला प्रश्न पडला होता की, खुल्या समुद्रात, परक्या निशाणाखाली असलेल्या जहाजावर हात टाकण्याचा आपल्याला अधिकार कोणता? जहाजाची आशा संपली तेव्हा तो प्रश्न मिटला, आणि २८ मार्चपासून तीन दिवस विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले, विमानाचे इंधन ओतले, नापाम फेकला, या हेतूने की पोटात राहिलेले तेल जळून जावे. चारांपैकी सुमारे एक बॉम्ब हुकला. तेल पेटले, भरतीच्या लाटांनी विझले, पुन्हा पेटविले गेले. ज्वाळा व धूर यांचे ते दृश्य साऱ्या जगाने पाहिले. परंतु तेव्हा बरेचसे तेल जहाज सोडून केव्हाच निघून गेले होते.

किनाऱ्यावर जे आले ते खडकावर सांडलेल्या पातळ, काळ्या, उग्र वासाच्या तेलापेक्षा निराळे होते. समुद्रावर आठवडाभर तरंगताना त्याचा हलका आणि सर्वांत विषारी अंश वाऱ्यावर उडून गेला होता, आणि लाटांनी घुसळून घुसळून त्यात निम्म्याहून अधिक पाणी मिसळले होते. हे तेल-पाण्याचे पायस चॉकलेटी रंगाचे आणि श्रीखंडासारखे दाट होते. उधाणाच्या भरतीने ते वाळूच्या माथ्यापर्यंत आणि खडकांच्या कपारींत नेऊन लोटले. कॉर्नवॉलचे सारे अर्थकारण उन्हाळ्याच्या पाहुण्यांवर चाललेले आणि उन्हाळा दोन महिन्यांवर. तेव्हा किनारा धुऊन काढा, हा हुकूम सुटणे स्वाभाविक होते. लष्कराचे जवान, अग्निशामक दले, नगरपालिकांचे कामगार आणि असंख्य स्वयंसेवक पिंपांमागून पिंपे कड्यांवर चढवून त्यांतले द्रव्य खडकांवर ओतू लागले. या किनाऱ्यावर सुमारे १४,००० टन तेल आले असावे, आणि समुद्रावर व किनाऱ्यावर मिळून जे द्रव्य वापरले गेले ते १०,००० टनांच्या घरात होते. औषधाचे रोगाशी हे प्रमाण! आणि ज्यांनी ती पिंपे वाहिली ते कोणी निष्काळजी लोक नव्हते. आपल्या गावाच्या समुद्रावरील मायेने रात्रंदिवस राबणारी ती माणसे होती, हे विसरून या प्रकरणाचा विचार करणे अन्यायाचे होईल.

वाळूवर या उपायाने उलटाच परिणाम केला. द्रव्य ओतले की वरचे तेल सुटे होऊन खाली झिरपे, आणि काही ठिकाणी घट्ट वाळू चिखलासारखी भुसभुशीत होई. वरून पुळण पिवळी दिसे आणि फावड्याने खणले की तपकिरी थर लागे. पक्ष्यांची कथा याहून करुण. पंख तेलाने माखले की त्यांतली हवा जाते, ऊब जाते, आणि पक्षी चोचीने पिसे साफ करू पाहताना तेच तेल पोटात घेतो. हजारो गिलेमॉट आणि रेझरबिल पक्षी असे मेले. शाळकरी मुलांपासून वृद्धांपर्यंत अनेकांनी त्यांना उचलून, ऊब देऊन वाचविण्याचा प्रयत्न केला, परंतु वाचले ते फार थोडे.

प्लिमथ शहरात, किल्ल्याच्या टेकडीच्या अंगाला, सागरी जीवशास्त्राची एक जुनी प्रयोगशाळा आहे. १८८८ पासून तेथे या समुद्रातल्या जिवांचा अभ्यास चालत आलेला. तिचे संचालक जे. ई. स्मिथ यांनी नित्याची सारी कामे थांबवून आपले संशोधक या एकाच कामाला लावले. कोणी 'सार्सिया' या संशोधन-नौकेवरून समुद्र धुंडाळू लागले, कोणी पाणबुड्याच्या वेषात तळाशी उतरले, कोणी ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यात उभे राहून खडकाखडकावरचे जिवंत आणि मेलेले जीव मोजू लागले, आणि मागे राहिलेल्यांनी काचेच्या पात्रांत खेकडे, शिंपले व गोगलगायी ठेवून त्या द्रव्याची मारकता ठरविली. दशलक्ष भाग पाण्यात अवघे काही भाग मिसळले तरी अनेक जीव एका दिवसात मरत होते. या श्रमांचा वृत्तांत १९६८ साली केंब्रिज विद्यापीठाने ग्रंथरूपाने छापला. सांडलेल्या तेलाविषयीच्या पुढच्या सगळ्या संशोधनाची गंगोत्री म्हणून मी त्या ग्रंथाकडे बोट दाखवीन.

त्यातला लिंपेटचा वृत्तांत थोडा जवळून पाहण्यासारखा आहे. लिंपेट म्हणजे चिनी टोपीसारखे एकच कवच असलेला, खडकाला घट्ट चिकटून राहणारा, दीड-दोन इंचांचा प्राणी. आपल्या किनाऱ्यावरच्या खडकांवरही त्याचे भाऊबंद आहेत. भरतीचे पाणी अंगावर आले की तो हळूहळू सरकत निघतो, करवतीसारख्या जिभेने खडकावरचे बारीक शेवाळ खरवडून खातो, आणि पाणी ओसरण्याच्या बेतात पुन्हा नेमका आपल्या जागेवर येऊन बसतो. ती जागा त्याच्या कवचाच्या कडेबरहुकूम झिजून खडकात एक वर्तुळ पडलेले असते. तेलाने माखलेल्या पण न धुतलेल्या खडकांवर संशोधकांना असे दिसले की लिंपेट जिवंत आहेत, आणि शेवाळाबरोबर तेलाचा पापुद्राही खरवडून गिळताहेत. तेल त्यांच्या आतड्यांतून जसेच्या तसे बाहेर पडत होते. ज्या खडकांवर द्रव्य ओतले होते तेथे मात्र त्यांची पकड सुटली होती, कवचे घरंगळून खालच्या डबक्यांत साचली होती, आणि खडकावर राहिली होती ती रिकामी वर्तुळे.

सेंट आयव्हसच्या उपसागराच्या टोकाला गॉड्रेव्ही नावाची जागा आहे. तेथे सील राहतात, म्हणून तेथे द्रव्य ओतावयाचे नाही असे ठरले. तेल आले, बसले, लाटांनी झिजले, सूर्याने वाळविले, जिवाणूंनी खाल्ले, लिंपेटांनी खरवडले, आणि दोन-तीन वर्षांत तो किनारा जवळजवळ पूर्ववत झाला. सीलांच्या दयेपोटी घेतलेल्या एका निर्णयाने शास्त्राला असा एक किनारा हाती दिला की ज्याच्याशी धुतलेल्या किनाऱ्यांची तुलना करता यावी. एरवी धुतल्याने अपाय झाला की तेलाने, हा वाद कधीच मिटला नसता.

ब्रिटनीच्या किनाऱ्यावर एप्रिलमध्ये तेल पोहोचले तेव्हा फ्रेंचांना आपल्या कालवांच्या शेतीची चिंता होती, आणि त्यांनी द्रव्याला शक्य तेवढे दूर ठेवून गवत, भुसा, फावडी व बादल्या यांवर भर दिला. बिस्केच्या उपसागरात तरंगणाऱ्या तवंगावर सुमारे ३,००० टन खडूची पूड पसरून तो त्यांनी तळाशी बुडविला. द्रव्याशिवायचे मार्गही निर्दोष नव्हते. गर्न्सी बेटाच्या लोकांनी तेल उपसून एका जुन्या दगडखाणीत भरले. ते तेथे चाळीस वर्षांहून अधिक काळ राहिले, पक्षी त्यात अडकत राहिले, आणि शेवटी ते खाऊन टाकण्यासाठी जिवाणूंची मदत घ्यावी लागली.

नुकसानभरपाईचे प्रकरण थोडक्यात सांगतो. अमेरिकन कायद्यानुसार मालकाची जबाबदारी अपघातानंतर शिल्लक राहिलेल्या मालमत्तेपुरतीच मर्यादित होऊ शकत होती, आणि शिल्लक होती सुमारे ५० डॉलर किमतीची एक बचावनौका. तेव्हा ब्रिटिश सरकारने मालकांचे दुसरे जहाज 'लेक पलूर्द' सिंगापूरला लागण्याची वाट पाहिली आणि त्याच्या डोलकाठीवर जप्तीचा हुकूम डकविला. १९६९ साली ३० लक्ष पौंडांवर तडजोड झाली व ती रक्कम ब्रिटन आणि फ्रान्स यांनी वाटून घेतली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रसेल्सला जमलेल्या राष्ट्रांनी दोन करार केले. पहिल्याने तेलाच्या नुकसानीची जबाबदारी जहाजाच्या मालकावर निश्चित केली, आणि दुसऱ्याने किनारा धोक्यात आलेल्या राष्ट्राला खुल्या समुद्रातही परक्या जहाजावर उपाय करण्याचा अधिकार दिला. सेव्हन स्टोन्सवर दहा दिवस रेंगाळलेल्या प्रश्नाला असे कायद्याचे उत्तर मिळाले.

मला मात्र या साऱ्या इतिहासात सर्वांत आदर वाटतो तो प्लिमथच्या ॲलन साउथवर्ड यांच्या मोजणीविषयी. कॉर्नवॉलच्या खडकांवर कोणता जीव किती, याची गणती ते अपघातापूर्वी दहा-पंधरा वर्षे करीत आले होते. कोणी मागितली नव्हती आणि तिचा तात्कालिक उपयोग कोणाला सांगता आला नसता. तेल आले तेव्हा 'पूर्वी येथे काय होते' याचे उत्तर त्यांच्या वह्यांत लिहिलेले होते. वृत्तपत्रे निघून गेली, सैन्य बराकीत परतले, समित्यांचे अहवाल दप्तरी दाखल झाले, आणि साउथवर्ड व त्यांच्या पत्नी ईव्ह दर ओहोटीला त्याच खडकांवर जात राहिले. चरणारे लिंपेट मेले म्हणून पहिल्या वर्षी खडक हिरव्या शेवाळाने गच्च भरले. ते पाहून पुष्कळांना वाटले की सृष्टी पुन्हा बहरली. हिरव्यामागून तपकिरी शेवाळाची दाट झाडी माजली, तिच्या सावलीत खडकाला चिकटणारे इतर बारीक जीव गुदमरले. मग त्या ओलाव्यात लिंपेटची पिल्ले अमाप वाढली, त्यांनी ती झाडी मुळापासून खाऊन फस्त केली, आणि खाण्यास काही न उरल्यावर त्यांचे थवेच्या थवे खडकांवरून पुढे सरकत निघाले व उपासमारीने घटले. १९७८ साली या पतिपत्नींनी दहा वर्षांचा वृत्तांत प्रसिद्ध केला तेव्हाही सर्वाधिक धुतलेल्या जागा सावरल्या नव्हत्या.

त्याच १९७८ च्या मार्चमध्ये 'अमोको काडिझ' हे जहाज ब्रिटनीच्या किनाऱ्यावर फुटले आणि सुमारे २,२३,००० टन तेल सांडले. आता द्रव्ये सौम्य झाली होती, तपासल्याखेरीज ती वापरण्यास मज्जाव होता. तरी ईल ग्रांद येथील खाऱ्या दलदलीत अवजड यंत्रे उतरवून तेलाबरोबर मातीचा थरही खरडून नेला गेला, आणि जवळची, हात न लावलेली दलदल तिच्या कितीतरी आधी हिरवी झाली. १९८९ साली अलास्कात 'एक्सॉन व्हाल्डीझ'च्या तेलावर गरम पाण्याचे झोत सोडले, आणि तेलातून वाचलेले जीव त्या झोतांनी भाजून काढले. फरक इतकाच की तेथे काही जागा मुद्दाम न धुता राखून ठेवल्या होत्या. गॉड्रेव्हीला जे सीलांमुळे झाले ते आता शास्त्राच्या पद्धतीने झाले. आपल्याकडे ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' यांची टक्कर होऊन तेल खारफुटीत शिरले, तेव्हा तिवरांच्या वर आलेल्या श्वासमुळांमधून, चिखल तुडवीत, किती जणांना आत पाठवावे हाच खरा प्रश्न होता. कारण पायाखाली दाबले गेलेले तेल चिखलात खोल जाते आणि तेथे वारा, ऊन किंवा लाट यांपैकी काहीही पोहोचत नाही.

साउथवर्डांची मोजणी पुढेही चालू राहिली. पोर्थलेव्हनच्या बाजूच्या खडकांवरचे लिंपेट, शेवाळ आणि बारीक जीव यांच्या संख्यांची वरखाली होणारी रेषा जवळजवळ १५ वर्षांनी अपघातापूर्वीच्या पातळीशी येऊन मिळाली. तोवर नवे लिंपेट जुन्यांएवढे मोठे झाले होते, आणि भरती ओसरू लागली की प्रत्येक जण चरणे सोडून, खडकात त्याने स्वतः झिजवलेल्या वर्तुळाकडे सरकू लागे.